आमची वाटचाल : माप मुलीचंच घेतो

माझा कुस्तीचा पहिला कॉस्च्युम चुलतभावाचा होता. निळा, मांडीवर उसवलेला आणि काखेत इतका खोल की आत टी-शर्ट घातल्याशिवाय मॅटवर जायची सोय नाही. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत तेव्हा मुली दोनच. वस्तादांनी आम्हाला घेतलं हेच खूप होतं, कपड्याचं गाऱ्हाणं कुणापुढे मांडायचं? टी-शर्ट घामानं भिजला की समोरचीच्या मुठीत सापडायचा. कपडा धरणं नियमात बसत नाही, पण पंचाची शिट्टी वाजेपर्यंत तिनं पट काढलेला, म्हणजे पाय ओढून मला पाडलेलं असायचं.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, हे आमच्याकडची पोरं पाढ्यासारखं पाठ म्हणतात. 2004 ला अथेन्समध्ये बायकांची कुस्ती ऑलिम्पिकला आली तेव्हा मी सहावीत होते. त्या वर्षी मी वहीच्या मागच्या पानावर खाशाबांच्या नावाखाली माझं नाव लिहून ठेवलं. ती वही अजून आहे.

सोळाव्या वर्षी जत्रेच्या फडात उतरले. तालमीतल्या मुलीला चार पैसे मिळायचे ते तिथेच. खुराकाचा खर्च अण्णा दूध विकून भागवायचे, मला त्यांचा तेवढा भार हलका करायचा होता. एका गावात जोड ठरली, इनाम 2,000 रुपये. हलगी सुरू झाली आणि कमिटीतला एक माणूस जवळ येऊन म्हणाला, "ताई, लगेच निकाल नको. लोकं पोरींची कुस्ती बघायला थांबल्यात. पंधरा मिनिटं खेळवा, मग बरोबरीत सोडवतो." मी मान हलवली नाही. तिसऱ्या मिनिटाला माझा ढाक डाव बसला आणि समोरची चीत झाली. हातात 500 रुपये टेकवले. हरलेली मुलगी माझ्यावरच चिडली होती, "तुलाबी सांगितलं होतं ना?" तिला तर काहीच मिळालं नाही. तिच्या घरी माझ्यापेक्षा जास्त पैशाची ओढाताण होती, हे मला नंतर कळलं.

त्या दिवसाचा राग पैशाचा नव्हता. मी वर्षभर घासलेला डाव तिथं कुणाला नकोच होता, त्यांना दोन पोरी मातीत लोळताना बघायच्या होत्या. पुढे दोन वर्षं खेळले, पण फडात उतरताना पहिल्यासारखं काळीज उडायचं नाही. मग गुडघा गेला आणि लग्न होऊन मी सांगलीला आले.

2014 ला सासूबाईंच्या ब्लाउजच्या मशीनवर पहिला मुलींचा कॉस्च्युम शिवला. लायक्रा, म्हणजे ताणणारं कापड, त्या मशीनवर चालत नाही, सुई टाके सोडते. गोल टोकाची सुई लागते, हे कळेपर्यंत चार मीटर कापड वाया गेलं. मग जुनं ओव्हरलॉक मशीन घेतलं. काख वर आणली, पाठ झाकली, गळा उचलला, म्हणजे आतला टी-शर्ट गेला. तरी पहिले दहा नग परत आले, कारण मुलीनं कमान टाकली की लांगेत, म्हणजे दोन मांड्यांच्या मधे, शिवण फाटायची. सासूबाईंनी सलवारीसारखी कळी घालायला सांगितली. आजही तीच कळी घालतो, आणि ती अक्कल त्यांची आहे.

2019 च्या महापुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली, दोन मशीनं पाण्यात राहिली. पुढच्या वर्षी जत्राच नव्हत्या, मास्क शिवून दिवस काढले.

मार्च 2023 मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. तेव्हा वर्कशॉपमध्ये असलेल्या आम्ही पाचही जणी काम बंद करून गेलो होतो. अंतिम कुस्तीत लोक श्वास रोखून बघत होते, डाव ओळखून दाद देत होते. मला तो जत्रेतला माणूस आठवला आणि माझे डोळे भरून आले. पुढचे दोन महिने आम्ही रात्री दहापर्यंत मशीनवर होतो.

पण त्याच वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर पदकं मिळवलेल्या मुली लैंगिक छळाची दाद मागत बसल्या होत्या. इकडे आया मला विचारायच्या, "तुम्ही खेळलाय, खरं सांगा, पोरीला पाठवू का?" मी कुणालाही छातीठोक हो म्हणू शकले नाही. वस्ताद कोण आहे, बाहेरगावी सोबत बाई असते का, मुली कुठं झोपतात, हे आधी विचारा, एवढंच सांगत राहिले. डिसेंबरमध्ये साक्षी मलिकनं आपले बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली. रिओचं कांस्य मिळवलेली ती. तिच्याकडे बघून तालमीत आलेल्या दोन मुलींनी ऑर्डर रद्द केली. आगाऊ रक्कम मी परत दिली.

ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला विनेश फोगट अंतिम फेरीच्या सकाळी 50 किलोला 100 ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. वजन कॉस्च्युम घालूनच होतं आणि कपड्याची सूट मिळत नाही. उठून वर्कशॉपच्या काट्यावर आमचा मधल्या मापाचा नग ठेवला, तो 155 ग्रॅम भरला. इतकी वर्षं शिवण बघितली, काख बघितली, पण वजनाचा विचार एकदाही केला नव्हता. नंतर हलकं कापड मागवलं, पट्टी अरुंद केली, आणि आता तो नग 120 ग्रॅमवर आला आहे. 35 ग्रॅमनं काय होतं, असं एका दुकानदारानं विचारलं. वजन उतरवण्यासाठी आदल्या रात्री पाण्याचा घोट न घेतलेल्या मुलीला विचारा, असं मी त्याला म्हटलं.

सध्या आम्ही सात जणी आहोत. त्यातल्या तिघी एकेकाळी खेळलेल्या आहेत. सगळ्यात लहान माप 24 छातीचं. बाप फोनवर अंदाजानं माप सांगतात, "थोडा मोठाच शिवा, दोन वर्षं जाईल." तसा आम्ही शिवत नाही. मुलीला घेऊन या, किंवा तालमीत दहा मुली असतील तर टेप घेऊन आम्हीच येतो.