तिथीची पाऊणपट

पक्षी बघायचे तर पहाटे उठावं, हे इतकं ऐकलं होतं की अलिबागजवळच्या आक्षीला पहिल्यांदा गेलो तेव्हा साडेसहालाच सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरलो. पौषातली पौर्णिमा. समोर समुद्रच नाही! म्हणजे होता, पण पार पलीकडे. मधे नुसती ओली वाळू आणि तिच्यावर मोहरीएवढे ठिपके. दुर्बीण लावली, तर ते जिऱ्याएवढे झाले.

जाळं सारखं करत बसलेले एक काका मजेत बघत होते. म्हणाले, "तिथी बघून यायचं ना!" मग हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. पौर्णिमेच्या पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मी आपला घड्याळ लावून उठलेला.

पुढच्या खेपेला द्वादशी गाठली. बाराची पाऊणपट नऊ. सातला जाऊन वाळूत रुतलेल्या एका ओंडक्यावर बसलो आणि काहीच केलं नाही. पाणी चढू लागलं तशी वाळू आखडत गेली, आणि समुद्रच एकेकाला माझ्याकडे ढकलू लागला. आधी चिखल्या : चार पावलं धावायचं, थबकायचं, टोच मारायची. मग लालभडक चोचीचे कालवफोडे, गंभीर चेहऱ्याने. कुरवांचा थवा तर वाऱ्याकडे तोंड करून असा बसलेला, जणू सगळ्यांना एकाच एसटीची वाट बघायचीय.

त्यांच्यात एक पट्टेरी शेपटीचा मळगुजा होता. याच्याच जातीच्या जेमतेम पाच महिन्यांच्या एका पिल्लाने २०२२ च्या ऑक्टोबरात अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर ११ दिवसांत, कुठेही न उतरता कापले होते. पाठीवरच्या ट्रान्समीटरमुळे ते कळलं. आणि हा इथे एवढीशी लाट आली की चार पावलं बाजूला सरकत होता. मला ते फार आवडलं.

साडेआठच्या सुमारास एक कुत्रं उगाचच धावत आलं. अख्खा किनारा उडाला, वळताना लख्ख पांढरा झाला आणि पन्नास पावलांवर पुन्हा बसला. कुत्र्याचा मालक मोबाईलवर बोलत होता. त्याला काय बोलणार?

हल्ली थंडीत भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी शोधत असतो. सव्वाआठची भरती सोयीची पडते. घरच्यांना वाटतं, उपास धरलाय.