ड्रम फिरवायला २३ दिवस

जीपचा ब्रेक ड्रम लेथवर फिरवायला, म्हणजे आतून कातून गोल करायला, पाऊण तास पुरतो. तो पाऊण तास माझ्या वाट्याला यायला २३ दिवस लागले आणि जोतिबाची चैत्र यात्रा गाडीनं करायची राहिली. यात्रेला गेलो, पण एसटीनं, उभ्यानं.

गाडी म्हणजे १९७२ची लांब चासीची महिंद्रा जीप. वडिलांनी मागचा भाग कापून पत्र्याचा हौदा बसवून घेतला, तेव्हापासून घरात तिला पिकअपच म्हणतात. गूळ, खत, वैरण, चुलतबहिणीच्या लग्नातली सगळी भांडी, सगळं तिनं वाहिलं. ब्रेक मूळचे. चारी चाकांना ९ इंची ड्रम, पायाखालच्या पत्र्याखाली पायडलचा जोर तेलात उतरवणारा एकच मास्टर सिलिंडर, तो जोर वाढवणारा बूस्टर वगैरे काही नाही. गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्यावरून उतरताना मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर फुटला आणि पायडल थेट पत्र्याला टेकलं. सर्किट एकच, त्यामुळं एका चाकाचं तेल गेलं की चौघांचा ब्रेक गेला. पहिला गिअर चालत्या गाडीत पडत नाही, म्हणून दुसऱ्यात आणली आणि हँडब्रेक ओढला. या गाडीचा हँडब्रेक चाकांना नसतो, गिअरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. पळत्या गाडीत ओढला की क्रॉसला, म्हणजे शाफ्टच्या सांध्याला, हिसका बसतो. त्या वळणावर क्रॉसची काळजी कोण करणार!

त्यानंतर जो भेटला त्यानं ‘डिस्क टाक’ म्हणून सांगितलं. मी टाकली नाही. ड्रममध्ये आतून दाबणारे दोन शू असतात, त्यातला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानं स्वतःच आत ओढला जातो, म्हणून बूस्टरशिवायही पायाला ब्रेक हलका लागतो. डिस्कला तसं काही नाही, तिला बूस्टर हवा, बूस्टरला जागा हवी, आणि माझ्याकडं आहे पायाखालचा पत्रा. म्हणून ठरवलं, ड्रमच ठेवायचे पण ११ इंची, आणि मास्टर सिलिंडर डबल, म्हणजे पुढचं मागचं सर्किट वेगळं. ९चे ११ झाले की नुसत्या व्यासामुळंच पकड पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढते, शिवाय शूवरचं घासणारं लायनर रुंद. एक मोडीत निघालेली जीप बघून ठेवली होती, तिचे चारी ड्रम, हब आणि शू ज्यावर बसतात ते प्लेट उचलून आणले. इथपर्यंत सगळं सुरळीत.

खोलायला एक रविवार गेला. मागचे हब हाफ शाफ्टच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर, चावीनं बसलेले असतात, ते हातोड्यानं निघत नाहीत आणि काढूही नयेत. पुलर भाड्यानं मिळतो. नट पूर्ण काढू नका, चार आटे शाफ्टवर राहू द्या. हब सुटतो तेव्हा तोफेसारखा आवाज करून सुटतो, नट नसला तर तो तुमच्या छातीवर येईल.

आता लेथ. आणलेले ड्रम बिडाचे, आत दोन बोटं रुंद खाच पडलेली. कोल्हापुरात असल्या कामाला कुठं जायचं हे कुणी विचारत नाही, उद्यमनगर. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी चारी ड्रम पोत्यात घालून एका वर्कशॉपमध्ये गेलो. हातापायाला अजून रंग होता, मालकाच्याही होता. त्यांनी ड्रमवर टिचकी मारली, नाद ऐकला, म्हणाले, “चिरलेला न्हाई. परवा या.”

परवा गेलो. ड्रम दाराशी, पोत्यातच. “मोठ्या लेथवर पंपाचा जॉब चढलाय. तो उतरला की तुमचाच.” मी म्हटलं, किती दिवस? “होतंय की.” हे ‘होतंय की’ ज्यानं उद्यमनगरात ऐकलंय त्याला पुढचं सांगायला नको. सोमवारी गेलो तर सुट्टी. मंगळवारी लेथवरचा पोरगा गावाकडं. बुधवारी फोन केला, उचलला नाही. गुरुवारी समोर जाऊन उभा राहिलो, तर म्हणाले, “दादा, तुम्ही उभं राहून काय लवकर व्हायचं न्हाई.” मग मी बसलो. स्टूल घेऊन, अडीच तास. चूक माझीही होती. मी बसलो म्हणून त्यांनी घाईनं काम घेतलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ड्रम हातात आले. आरशासारखे. घरी येऊन जोडले, ब्रेकच्या तेलातली हवा काढली, वेशीपर्यंत गेलो आणि ब्रेक दाबला. पायडल पायाखाली धडधडायला लागलं. दाबून धरलं की वर-खाली, वर-खाली. मागचं चाक उचलून हातानं फिरवलं तर एका जागी शू घासायचा, अर्धा फेरा मोकळा, परत घासायचा.

गोलाई मोजायचा डायल गेज शेजारच्या कारखान्यातून मागून आणला. मागच्या डाव्या ड्रमचा काटा ०.४ मिलिमीटर हलत होता. कारण तेव्हा कळलं. पोरानं ड्रम बाहेरच्या कडेनं चकमध्ये धरला होता. बाहेरची कड बिडाची, ओतलेली, ती कधीच खरी गोल नसते. चाक मात्र फिरतं हबच्या टेपरवर. म्हणजे आतला गोल त्या कडेला धरून अगदी बरोबर होता आणि शाफ्टला धरून चुकीचा.

आणि खरी चिडचिड पुढंच आहे. ११ इंच म्हणजे २७९.४ मिलिमीटर. असा ड्रम साधारण ०.०६० इंचापर्यंत, म्हणजे दीड मिलिमीटर वाढवता येतो, त्यापुढं तो पातळ होऊन तापतो आणि चिरतो. म्हणजे हद्द २८०.९. चुकीच्या फेरीनंतर माझा ड्रम २८०.३ झाला होता. परत खरा करायचा तर आणखी कातायला लागणार. फुकट गेलेलं बीड परत येत नाही.

गेलो तर मालक म्हणाले, “मग तुम्ही तेव्हाच सांगायचं होतं.” काय सांगायचं होतं? मी गुऱ्हाळवाला माणूस. तरी भांडलो नाही, कारण गरज माझी होती. परत ‘परवा’, परत पंपाचा जॉब. तेवढ्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी, ते दुसऱ्याच कुणाच्या कामाला आले होते, ड्रम हातात घेतला आणि विचारलं, “तुटकी हाफ शाफ्ट हाय का कुठं?” भंगारात होती, मीच आणून दिली. तिच्या टेपरवर हब चावीनं बसवून नट आवळला आणि ती शाफ्ट लेथच्या दोन सेंटरांमध्ये धरली. आता ड्रम जसा गाडीवर फिरतो तसाच लेथवर फिरत होता. मिस्त्री म्हणाले, मला फक्त उजेड द्या. मी मोबाइलचा उजेड धरून उभा. पहिल्या फेरीला कातणाचं टोक अर्ध्याच गोलाला लागत होतं, टक टक टक. तिसऱ्या फेरीला आवाज सलग झाला. २८०.८. हद्दीला ०.१ शिल्लक. पुढचे हब बेअरिंगच्या कपावर धरून तसेच केले. सगळं मिळून, घड्याळ लावून सांगतो, एका ड्रमला पाऊण तास. तेविसावा दिवस. दोन दिवसांवर यात्रा, जोडणी बाकी.

तुम्ही ड्रम द्याल तेव्हा हबसकट द्या, मागच्यासाठी जुनी शाफ्टही द्या, आणि ‘टेपरवर धरून फिरवा’ हे तीन शब्द चिठ्ठीवर लिहून ड्रमला बांधा. मी आता तेच करतो. आणि स्टूलवर बसू नका.

जोडणीत दोन ठिकाणी घसरलो. एक, शू उलटे बसवले. जुन्या ९ इंचीत लांब लायनरचा शू पुढं असतो. माझ्या ११ इंचीत दोन शूंच्या मधे चांदणीसारख्या दात्यांचा ॲडजस्टर आहे, दोन्ही शू एकमेकांना ढकलतात, त्यात लांब लायनर मागं जातं. सवयीनं पुढं घातलं, ब्रेक मऊच लागायचा. दोन, नवा मास्टर सिलिंडर आधी गाडीबाहेर, बेंचवर धरून त्यातली हवा काढायची असते, ते न करता थेट बसवला आणि ब्रेक ऑइलची अख्खी बाटली पंप मारण्यात गेली. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्या उजव्या हाताच्या गाडीत ते मागचं डावं.

मास्टर सिलिंडर चासीला, चाकांच्या पातळीच्या जवळपास बसतो, म्हणून ओळीत तेल धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो, ड्रमसाठी १० पीएसआय दाबाचा. डिस्कवाला २ पीएसआयचा दुकानदार खपवतील, घेऊ नका. नवे शू ड्रमला नीट लागतील असे घासून घ्या, लायनरवर खडू फासून ड्रम फिरवला की कुठं लागतंय ते दिसतं, माझे आधी फक्त मधोमध लागत होते. टेपरवर ग्रीस लावू नका, कोरडाच बसवा, आणि शंभर किलोमीटर चालवून नट परत आवळा. रबराच्या किटला पेट्रोल किंवा डिझेल लावाल तर ती फुगेल, ब्रेक ऑइलनंच धुवा. जुन्या लायनरची धूळ हवा मारून उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्यानं पुसा.

यात्रेनंतरच्या रविवारी जोतिबावर गेलो. उतरताना मुद्दाम दुसऱ्या गिअरला न आणता ब्रेकवर उतरवली आणि खाली येऊन चारी ड्रमना हात लावून बघितला. चारी सारखेच गरम. बायको म्हणाली, देवाला लावला नाही तेवढा वेळ हात लावलास.

आणि हो, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, घड्याळाच्या दिशेनं फिरवून सुटतात. पहिल्या रविवारी मी चार फुटी पाइप लावून दोन बोल्ट तोडले. नंतर मडगार्ड आतून धुतलं तेव्हा चिखलाच्या थराखाली पांढऱ्या रंगात काढलेला एक बाण निघाला. त्याखाली वडिलांच्या अक्षरात ‘असं’.