२६/११ आणि थेट प्रक्षेपण
आज पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना २६/११ खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल वाचून दाखवला. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार आपल्याच वाहिन्यांवरील थेट प्रक्षेपण पाहून हल्लेखोरांना इंटरनेटवरील फोनवरून बाहेरच्या हालचाली कळवत होते आणि ताजमध्ये आग लावण्याचा तगादा करत होते, कारण त्या ज्वाळा जगाला पडद्यावर दिसायला हव्या होत्या. इथे माझा आवाज अडखळला; त्या रात्री मीही तीच दृश्ये पापणी न लववता पाहत होतो. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, मग दाखवायचे तरी काय होते?" २०१५ पासून वाहिन्यांना सुरक्षा दलांच्या दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करता येत नाही, हे मी सांगितले. गर्दीतल्या प्रत्येक हातातल्या मोबाइलचे काय, या तिच्या पुढच्या प्रश्नाने मात्र मी अजून अस्वस्थ आहे.