आरपार दिसतं, पण आत गर्दी आहे

ऐंशी-नव्वदच्या दशकात कुणाचा नातेवाईक अमेरिकेहून आला की बॅगेतून हमखास निघायचं ते तपकिरी काचेचं पातेलं आठवतंय का, थेट गॅसवर ठेवायचं, आत डाळ उकळताना बाहेरून दिसायची आणि शेजारच्या काकू "अगं फुटेल ना" म्हणत दोन पावलं मागे सरकायच्या. साधी काच फुटलीच असती. ही टिकते कारण ही धड काच नाहीच, ग्लास-सिरॅमिक आहे, म्हणजे आत बारीक बारीक क्रिस्टल खचाखच भरलेत. तापल्यावर मधली काच पसरायला बघते, क्रिस्टल उलट किंचित आकसतात, हिशोब जवळपास शून्यावर येतो.

या मटेरियलचा जन्मच भट्टी बिघडल्यामुळे झाला. 1953 साली कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीत डोनाल्ड स्टुकी नावाच्या केमिस्टने काचेचा तुकडा 600 डिग्रीला ठेवला होता, भट्टी गेली 900 वर. काच वितळून गेली असणार म्हणून उघडून बघतो तर पांढरीफटक वडी, आणि ती चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली तरी फुटली नाही!

ती पांढरी होती हे समजू शकतं, आतल्या क्रिस्टलवर आपटून प्रकाश सगळीकडे विखुरतो. मग पातेलं आरपार कसं? तर उत्तर साइजमध्ये आहे. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची वेव्हलेंग्थ साधारण 400 ते 700 नॅनोमीटर, आणि हे क्रिस्टल जेमतेम 50 नॅनोमीटरचे, त्यात क्रिस्टल आणि काच यांचा अपवर्तनांकही (म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो त्याचं माप) जवळजवळ सारखा, त्यामुळे प्रकाश फारसा न अडखळता निघून जातो. पण "फारसा" हा शब्द महत्त्वाचा, कारण थोडासा प्रकाश भरकटतोच आणि ग्लास-सिरॅमिकच्या आत काय दडलंय हे शोधायची एक पद्धत त्या भरकटलेल्या प्रकाशावरच चालते. पॉलिश केलेल्या तुकड्यातून लेझर सोडायचा, सरळ गेलेल्या प्रकाशाकडे दुर्लक्ष करायचं आणि बाजूने, वेगवेगळ्या कोनांतून किती आला ते मोजायचं. कण लहान असतील तर पुढे-मागे सारखाच, मोठे होत गेले की पुढे जास्त. मधे पोलरायझर (एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश जाऊ देणारी गाळणी) फिरवला तर कणांची जडणघडण सगळ्या दिशांना सारखी आहे का तेही कळतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला तुकड्याची पातळ चकती कापून द्यावी लागते, इथे अख्खा तुकडा शाबूत राहतो, मला तर हीच पद्धत जास्त सभ्य वाटते.

आता खरी गंमत. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाचा नियम असा की वेव्हलेंग्थपेक्षा खूप लहान कणाचा व्यास दुप्पट झाला की त्याने विखुरलेला प्रकाश 64 पट. झेरोडुर नावाच्या जर्मन ग्लास-सिरॅमिकमध्ये तर वजनाने 70 टक्क्यांहून जास्त भाग क्रिस्टलच असतो, एकेका कणाचा हिशोब करून बेरीज मारली तर ते बरंच धुरकट दिसायला हवं. तसं दिसत नाही, कारण बेरीजच चुकीची आहे. विरार लोकल रिकामी असली की इथे चौघांचा घोळका, तिथे मोकळी जागा, पण पीक अवरला? जिथे बघाल तिथे सारखीच माणसं, हलायलाच जागा नाही तर घोळका करणार कुठून. प्रकाश विखुरतो तो अशा उणे-अधिक दाटीमुळे. क्रिस्टल दाटीवाटीने बसले की त्यांच्यावरून निघालेल्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात, त्यामुळे मोजलेला प्रकाश अपेक्षेपेक्षा कमी आला की समजायचं, आत कण सुटेसुटे नाहीत, एकमेकांचं अंतर राखून बसलेत.

विखुरलेल्या प्रकाशाच्या या विषयात मुंबईचाही एक कोपरा आहे. 1921 मध्ये सी. व्ही. रामन इंग्लंडहून परत येत होते, भूमध्य समुद्राचा निळा रंग आभाळाच्या प्रतिबिंबाचा नाही, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी नार्कुंडा बोटीवर साध्या उपकरणांनी तपासलं आणि 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाला जे पत्र पाठवलं त्यावर पत्ता मुंबई बंदराचा. पुढे घन पदार्थांतल्या, काचेतल्या विखुरण्यावरही त्यांनी काम केलं.

घरी बघायचं असेल तर पाण्याच्या ग्लासात दोन-चार थेंब दूध टाका, अंधारात एका बाजूने टॉर्च मारा, बाजूने बघितलं की निळसर आणि समोरून पिवळट. शेगडीच्या काळ्या ग्लास-सिरॅमिक टॉपवर मात्र हा उद्योग करू नका, त्यात रंग मिसळलेला असतो, काही दिसणार नाही.