मितोमाची क्लिप सुरू होते, त्याच्या आधी

जपानचा फुटबॉलपटू काओरू मितोमा याला जगातील बहुतेक लोक एका छायाचित्रामुळे ओळखतात. १ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील विश्वचषकात जपान आणि स्पेन १-१ असे बरोबरीत असताना, बाहेर जाऊ पाहणारा चेंडू त्याने पाय लांबवून आत वळवला आणि त्याचा सहकारी आओ तानाका याने तो जाळ्यात लोटला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि व्हिडिओ पंचांचा निर्णय येईपर्यंत मी श्वास रोखून बसलो होतो. वरून टिपलेल्या त्या छायाचित्रात चेंडूच्या फुगीर कडेचा केसभर भाग अजून रेषेवर आहे, आणि संपूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेल्याखेरीज तो बाहेर गेला असे नियम मानत नाही. जपान गटात पहिला आला, त्याच गटातला जर्मनी स्पर्धेबाहेर गेला. जपानी लोक त्या अंतराला ‘मितोमाचा एक मिलिमीटर’ म्हणू लागले.

छायाचित्रापाठोपाठ आणखी एक गोष्ट मोबाइलवरून जगभर फिरली, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. कावासाकी फ्रंटाले या क्लबने वरिष्ठ संघाचे दार उघडलेले असताना, आपली अजून तयारी झालेली नाही असे वाटून मितोमा त्सुकुबा विद्यापीठात शिकायला गेला, आणि तिथे त्याने पदवीसाठी चक्क ड्रिबलिंगवर, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून बचावपटूंना चकवण्याच्या कौशल्यावर, प्रबंध लिहिला. सहकाऱ्यांच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बांधून त्याने त्यांची नजर कुठे जाते ते तपासले. चांगला खेळाडू चेंडूकडे टक लावून पाहत नाही, समोरच्याकडे पाहतो, आणि समोरच्याच्या शरीराचा तोल हलवता आला की त्याला चकवता येते, असे त्याला आढळले.

ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात, मात्र क्लिप कापणाऱ्यांना तिचा विसर पडतो. ब्रायटन या इंग्लिश क्लबकडून खेळताना मितोमा डाव्या कडेला चेंडू घेऊन जवळजवळ थांबतो, बचावपटूला जवळ येऊ देतो, त्याचा भार कोणत्या पायावर पडतो ते पाहतो आणि मग निसटतो. क्लिप नेमकी त्या निसटण्यापासून सुरू होते, त्यामुळे पाहणाऱ्याला केवळ वेग दिसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेल्सीविरुद्ध, आपल्या गोलरक्षकाने लांबवरून मारलेला चेंडू त्याने धावता धावता एका स्पर्शात ताब्यात घेतला. तो क्षण मीही असंख्य वेळा पाहिला आहे, आणि दर वेळी त्याआधीची धाव पाहायला मिळाली असती तर बरे झाले असते, असे वाटते.

स्पेनविरुद्धचा तो गोलही मी आता थोडा मागे नेऊन पाहतो. जपानच्याच डोआनने उजवीकडून टाकलेला चेंडू सगळ्यांना ओलांडून जातो, तो गेलाच असे मानून थांबणे सहज शक्य असते, तरी मितोमा धावत राहतो. आणि लहानपणी कावासाकीत त्याच्याच क्लबमधून खेळलेला तानाका, चेंडू परत येईलच अशा खात्रीने, गोलच्या तोंडाशी पोहोचलेला असतो.