झगाझिगचा सावळा पोरगा

२७ मार्च, रात्री

इजिप्तचा नट अहमद झकी गेला तो आजच्याच तारखेला, २००५ साली. फुप्फुसाच्या कर्करोगाने. या दिवशी त्याचा एखादा सिनेमा लावायचा असं मी ठरवून टाकलंय. आज 'अल-बरी' लावला, म्हणजे 'निरपराध'. १९८६चा, दिग्दर्शक आतिफ अल-तय्यबचा. संपल्यावर कोणाशी बोलावंसंच वाटेना, म्हणून लिहायला बसले.

गावाकडचा एक निरक्षर पोरगा सक्तीच्या लष्करी सेवेत जातो. त्याला वाळवंटातल्या एका तुरुंगछावणीवर पहाऱ्याला नेमतात. आतले कैदी म्हणजे देशाचे शत्रू, असं वरचे सांगतात आणि हा ते मनापासून खरं मानतो. कैद्यांना बडवतो, आणि त्यात आपण देशाचं भलं करतोय अशी त्याची श्रद्धा असते. मग एक दिवस नवे कैदी येतात. शिपाई चाबूक घेऊन तुटून पडतात, हाही पडतो, आणि समोर त्याच्याच गावचा हुसेन. शिकलेला, याला जीव लावणारा, शत्रूपासून देश राखायचा असतो हे याला समजावून सांगणारा. इथे झकीचा चेहरा बघावा. आधी ओळख पटते, मग आनंद होतो, हो, चक्क आनंद, गावचं माणूस भेटल्याचा! आणि त्यानंतर कळतं आपण काय करत होतो ते. हुसेन देशाचा शत्रू असूच शकत नाही, असं ओरडत तो त्याच्या आणि चाबकांच्या मध्ये उभा राहतो. हे सगळं काही क्षणांत होतं. एवढ्या वेळात एवढं उलगडून दाखवणारा दुसरा नट मी तरी पाहिलेला नाही.

असा भोळा माणूस करायचा म्हणजे बहुतेक नट तोंड उघडं टाकून बावळटपणा करतात. झकी त्या पोराला कुठेही वेडगळ करत नाही. त्याचं अज्ञान दाखवतो, पण त्याची इज्जत राखून.

हे त्याला कुठून जमलं असेल? कैरोच्या ईशान्येला शर्किया प्रांत आहे, त्यातलं झगाझिग हे त्याचं गाव. वडील तो लहान असतानाच गेले, आईने दुसरं लग्न केलं, पोरगा आजोबांकडे वाढला. तिथून कैरोची नाट्यसंस्था. मग 'करनक'ची ती गोष्ट. नगीब महफूझच्या कादंबरीवरचा अली बद्रखानचा सिनेमा, १९७५चा, नायिका सोआद होस्नी. नायक म्हणून झकी जवळजवळ ठरला होता. पण असल्या काळ्यासावळ्या पोरावर सोआद होस्नी कशी भाळेल, असं पैसा लावणाऱ्यांचं म्हणणं पडलं, असं सांगतात. भूमिका नूर अल-शरीफला गेली. हे वाचलं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पुढे १९७८मध्ये त्याच बद्रखानच्या सिनेमात तो त्याच सोआदचा भाऊ झाला. आणि १९८१मध्ये दिग्दर्शक मोहम्मद खानने त्याला तिचा प्रियकर केलं. तोही कसा, तर केशकर्तन करणारा. श्रीमंत नवऱ्याला सोडून ती याच्याकडे येते आणि बघणाऱ्याला ते पटतं. पैसेवाल्यांना ज्याची खात्री नव्हती ते पडद्यावर घडलं, आणि ती जोडी लोकांनी डोक्यावर घेतली.

याच मोहम्मद खानबरोबर त्याने 'एका बड्या माणसाची बायको' केला. त्यात तो सुरक्षा पोलिसांतला अधिकारी आहे. जानेवारी १९७७मध्ये पावाच्या दरवाढीवरून इजिप्त पेटलं, त्यानंतर याची नोकरी जाते. खुर्ची गेली तरी ताठा जात नाही, घरात त्याचंच राज्य चालतं. 'निरपराध'मधला शिपाई आणि हा साहेब एकाच माणसाने एक-दोन वर्षांच्या अंतराने केलेत यावर विश्वास बसत नाही. बायको गायक अब्देल हलीम हाफिझच्या गाण्यांत रमणारी, आणि तो सिनेमा हलीमच्या काळाला आणि आवाजालाच अर्पण केलेला.

१९९६मध्ये तो इजिप्तचा अध्यक्ष नासर झाला. सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाचे दिवस, कृष्णधवल. २००१मध्ये नासरनंतरचे अध्यक्ष सादात. सादातांची आई सुदानी वंशाची, तेही रंगाने सावळेच. नायक व्हायला ज्याचा रंग आड आला, तोच पडद्यावर देशाचा अध्यक्ष झाला, तोही दोनदा. लोक याच दोन भूमिकांचं सर्वांत जास्त कौतुक करतात. काम चोख आहेच, पण ती माणसं आपल्याला आधीच ठाऊक असतात. शिपाई मात्र झकीने शून्यातून उभा केलाय.

शेवटचा सिनेमा 'हलीम', त्याच गायकावरचा. हलीमही शर्कियाचाच, तोही आईवडिलांविना वाढलेला, आणि आजाराशी झुंजत गायलेला. झकी ते करत होता तेव्हा स्वतःच मरणाच्या दारात होता. काम अर्धवट राहिलं. तरुण हलीम त्याच्या मुलाने, हैथमने केला आणि २००६मध्ये सिनेमा आला. हैथमची आई, अभिनेत्री हाला फुआद, १९९३मध्येच गेलेली. २०१९मध्ये हैथमही गेला, पस्तिशीत. मला तो सिनेमा अभिनय म्हणून बघताच येत नाही.

'निरपराध'चा मूळ शेवट सरकारने कापायला लावला होता. त्यात तो पोरगा मनोऱ्यावरून आपल्याच छावणीवर बंदूक चालवतो. न कापलेला सिनेमा जाहीरपणे दाखवायला २००५ उजाडलं, झकी गेल्यानंतर. झकीचं काही बघितलं नसेल तर याच्यापासून सुरुवात करा, आणि बघाल तो न कापलेलाच बघा.