धोंड्याचा महिना, अनारसे आणि ढब्बू

आमच्या घरात मी ओट्याजवळ गेलो की आई म्हणते, "काय हवंय ते सांग, मी देते. पसारा करू नकोस." त्यामुळे 2023 च्या जुलैमध्ये तिने मला स्वतःहून हाक मारून "इकडे ये, हात स्वच्छ धू" म्हटलं, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं.

झालं होतं असं, की दहा-बारा दिवसांपूर्वी ओल्या पॅसेजमध्ये ती घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, काही उचलायचं नाही. त्यावर हिचा पहिला प्रश्न, "आणि थापायचं?"

कारण 18 जुलैपासून अधिक श्रावण लागत होता. चंद्राचं वर्ष साधारण 354 दिवसांचं, सूर्याचं 365. ही अकरा दिवसांची तूट साचत जाते आणि अडीच-पावणेतीन वर्षांनी एक जादा महिना घालून पंचांग ती भरून काढतं. घराघरांत मात्र याचा अर्थ एकच : धोंड्याचा महिना, लेक-जावयाला जेवायला बोलवायचं आणि 33 अनारशांचं वाण द्यायचं. धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबर 2019 मधलं. पहिला अधिक महिना आला तो 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, अधिक आश्विन. तेव्हा ते दोघं नाशकात, आम्ही पुण्यात आणि मध्ये कोरोना. आईने व्हिडिओ कॉलवर जावयाला ओवाळलं होतं, पण कॉलवरून अनारसे काही देता आले नाहीत. ती रुखरुख तिने तीन वर्षं जपून ठेवली होती.

"विकतचे आणू ना," मी म्हणालो. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने हात धुवायला गेलो.

बायको एका सीएच्या ऑफिसात काम करते. रिटर्न भरायची शेवटची तारीख 31 जुलै, म्हणजे ती रात्री नऊच्या आत घरी येण्याचा प्रश्नच नव्हता. बाबांना स्वयंपाकघरातलं फक्त चहा आणि मत देणं जमतं. लेक नऊ वर्षांची. उरलो मी, घरून काम करणारा. आणि ढब्बू.

ढब्बू म्हणजे आमचा कुत्रा. गावठी, तांबूस, अठरा किलो. 2021 च्या पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला तेव्हा नुसता हाडांचा सापळा होता. नाव लेकीने ठेवलं आणि त्याने ते मनावर घेतलं.

तर तांदूळ. आई म्हणाली, जुना हवा, नव्याला चिकटपणा जास्त. पाऊण किलो निवडून, धुऊन भिजत घातला. तीन दिवस भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं. दुसऱ्या दिवसापासून पाण्याला आंबूस वास यायला लागतो. "यायलाच हवा," असं आई म्हणाली. "हे टाकून दे," असं बायको म्हणाली. ढब्बू पातेल्यासमोर नाक वर करून बसून राहिला. त्याला तो वास फार आवडला होता हे मला तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

चौथ्या दिवशी तांदूळ उपसून कापडावर पसरायचा. इथे खरी अडचण. बाहेर पाऊस लागलेला, घरात टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नव्हते. शेवटी लेकीच्या पलंगावर बाबांचं जुनं धोतर अंथरलं, त्यावर तांदूळ पसरला आणि पंखा एकवर ठेवला. आईचं सांगणं होतं, पूर्ण वाळवायचा नाही. मूठभर दाबला तर हाताला गारवा लागला पाहिजे, पण दाणे तळव्याला चिकटता कामा नयेत. दर दहा मिनिटांनी येऊन मूठ दाबून बघायची.

दहा मिनिटांचा माझा कॉल चाळीस मिनिटं चालला. तेवढ्यात बाबांनी ढब्बूला फिरवून आणलं, भिजलेलं ध्यान तसंच सोडलं आणि पेपर घेऊन बसले. ढब्बूने घरातली सगळ्यात उत्तम जागा शोधली : वर पंखा, खाली गार मऊ कापड, आणि त्याला आवडणारा तो वास. मी गेलो तेव्हा तो तांदळाच्या बरोबर मध्यावर गोल वेटोळं करून झोपला होता. उठला तर पोटाला, शेपटीला, कानाच्या आतसुद्धा तांदूळ. अंग झाडलं, तेव्हा ते भिंतीपर्यंत उडाले.

आई दारात आली. ढब्बूला एक शब्द बोलली नाही. मला म्हणाली, "त्याला काय कळतंय. तुला कळायला हवं होतं." शक्य तेवढा तांदूळ गोळा करून धुतला, शिजवला आणि पुढचे दोन दिवस ज्याचा त्यालाच खाऊ घातला. त्याने आनंदाने खाल्ला.

पुन्हा पाऊण किलो, पुन्हा तीन दिवस. या वेळी तांदूळ खोलीचं दार बंद करून, दारावर "आत जाऊ नये" अशी पाटी लावून वाळवला. ढब्बूला वाचता येत नाही. पाटी बाबांसाठी होती.

रविवारी, 30 जुलैला, दळणाला बसलो. ओलसर तांदूळ गिरणीत देत नाहीत, घरीच मिक्सरवर थोडा थोडा करून फिरवायचा. पीठ भांड्याच्या कडेला थापटून बसतं, चमच्याने खरवडायचं, पुन्हा फिरवायचं. मग बारीक चाळणीने चाळायचं. वरचा रवाळ चाळ परत मिक्सरमध्ये. हे काम दीड तास चाललं आणि आई शेजारी खुर्चीवर बसून डाव्या हाताने पीठ चिमटीत चोळून "अजून" एवढंच म्हणत होती. एक वाटी पीठ तिने बाजूला काढून झाकून फ्रीजमध्ये ठेवायला लावलं. कशाला, विचारलं, तर म्हणाली, "लागतं."

गुळाचं काम बाबांकडे दिलं होतं. त्यांनी चिक्कीचा गूळ आणला. आईने नखाने टोकरून बघितलं आणि पिशवी परत त्यांच्या हातात दिली. साधा, मऊ, पिवळा गूळ आणायला ते छत्री घेऊन पुन्हा गेले. चिक्कीच्या गुळाचे अनारसे दगडासारखे होतात म्हणे.

प्रमाण, वाटीभर पिठाला पाऊण वाटी किसलेला गूळ, चमचाभर तूप. पाण्याचा थेंब नाही. सुरुवातीला सगळं भुगा-भुगा दिसतं आणि वाटतं की हे कधीच एकत्र येणार नाही. मळत राहिलं की पिठातली ओल गुळाला लागते, गूळ सुटतो आणि अचानक गोळा तयार होतो. मला त्या क्षणी फार आनंद झाला. आईला दाखवायला गेलो तर ती म्हणाली, "हं. आता डब्यात ठेव, आणि पाच-सहा दिवस त्याच्याकडे बघूही नकोस."

मी बघितलं नाही. लेकीने बघितलं. गोळ्याचा वास रोज बदलतो का हे तिला तपासायचं होतं. मंगळवारी रात्री तिने डबा उघडला, हुंगला, आणि झाकण नुसतं वर टेकवून ठेवलं. डबा ओट्याखालच्या कप्प्यात होता. त्या कप्प्याचं दार नाकाने कसं उघडायचं हे ढब्बू केव्हाच शिकलेला.

रात्री दीडला स्टीलचा डबा फरशीवर फिरल्याचा आवाज आला. दिवा लावला तर ढब्बूचं तोंड डब्यात. काढलं तेव्हा मिश्या गुळाने चिकट आणि चेहऱ्यावर कसलाही अपराधी भाव नाही. पाव किलो तरी गेला होता.

आम्ही घाबरलो ते गोळ्यासाठी नव्हे. आंबवलेलं कच्चं पीठ कुत्र्याच्या पोटात फुगतं असं बायकोने कुठेतरी वाचलं होतं. ढब्बूच्या डॉक्टरांना फोन केला. बिचारे उठले आणि शांतपणे एकेक विचारत गेले. यीस्ट घातलंय का? नाही. (यीस्टचं पीठ खरंच धोक्याचं. पोटाच्या उबेत ते फुगत राहतं आणि त्यातून अल्कोहोलही तयार होतं.) बेदाणे, मनुका आहेत का त्यात? नाही. चॉकलेट? नाही. शुगर-फ्री गोडीसाठी वापरतात ते झायलिटॉल? तांदूळ आणि गूळ, डॉक्टर, बाकी काही नाही, एक चमचा तूप. मग ते म्हणाले, पोट बिघडेल, पाणी भरपूर ठेवा, पोट फुगलेलं वाटलं, उलट्या लागल्या किंवा सुस्त पडला तर लगेच घेऊन या. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "अनारशाचं होतं का हो? आमच्याकडे पण या महिन्यात असतं."

पोट बिघडलं. बुधवारी मी पावसात सात वेळा खाली गेलो. मऊ भात आणि ताक यावर गुरुवारी गाडी रुळावर आली. बेदाण्यांचं मात्र त्या रात्री डोक्यात बसलं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाला घालू शकतात, आणि किती खाल्ले तर बाधतील याचा नेम नसतो. आमच्या बेसनाच्या लाडवावर एकेक बेदाणा असायचा आणि लाडू खाली पडला की तो ढब्बूचा, हा घरचा अलिखित नियम. त्या दिवाळीपासून लाडवांवर काजू लागतो आणि खाली पडलेला लाडू आम्हीच उचलतो.

रविवार, 6 ऑगस्ट. पहिला घाणा. प्लास्टिकच्या कागदावर खसखस पसरायची, सुपारीएवढी गोळी तिच्यावर ठेवून बोटांनी पुरीसारखी थापायची, आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची. उलटायचं नाही. झाऱ्याने बाजूचं तूप वर उडवत राहायचं.

पहिला सोडला. दोन सेकंद नीट तरंगला, मग कडा फाकल्या, मध्ये भगदाड पडलं आणि बघता बघता कढईभर तपकिरी चुरा झाला.

"हसला," आई म्हणाली.

लेकीला हा शब्द माहीत नव्हता. अनारसा तुपात विरघळला की तो हसला म्हणतात, हे कळल्यावर ती स्वतःच इतकी हसली की तिला बाहेर पाठवावं लागलं. दुसराही हसला. आच वाढवून बघितली, कमी करून बघितली, सहा गोळ्या गेल्या. साजूक तुपाचा भाव आठवून बाबा हॉलमध्ये निघून गेले.

आईने चौकशी सुरू केली. गूळ कसा मोजलास? वाटीत दाबून. आणि पीठ? चाळलेलं, वरून सैल भरून. तिने कपाळाला हात लावला, प्लास्टरचाच. म्हणजे गूळ जास्त झाला होता. फ्रीजमधली ती वाटी बाहेर आली. त्यातलं थोडं थोडं पीठ घालत गोळा पुन्हा मळला आणि परत डब्यात. डब्याला आता दोरी बांधली आणि डबा गेला थेट कपाटावर. ढब्बू चार दिवस कपाटाकडे बघत बसायचा.

पाहुणे रविवारी 13 तारखेला येणार होते. शुक्रवारी रात्री दहाला मी कढई ठेवली. रिटर्नमधून सुटलेली बायको थापायला बसली, मी तळायला, आई खुर्चीत. ढब्बूला लेकीच्या खोलीत कोंडलं. दाराखालून त्याचं नाक तेवढं दिसत होतं.

पहिला सोडला आणि तिघांनीही श्वास धरला. कडा धरल्या. तूप उडवत गेलो तशी वर बारीक जाळी पडायला लागली, एकेक छिद्र उघडत गेलं. रंग बदामी झाल्यावर झाऱ्यावर घेतला आणि तूप निथळायला चाळणीत उभा करून ठेवला. आईने गार होईपर्यंत वाट बघितली, कोपरा मोडला, खाल्ला. मग दुसरा कोपरा. काही बोलली नाही. "आच थोडी कमी कर," एवढंच. माझ्या आईला ओळखणाऱ्यांना कळेल, याला शाबासकी म्हणतात.

रात्री साडेबारापर्यंत चाळीस झाले. एक हसला, तीन उचलताना मोडले. छत्तीस उरले. चवीसाठी एक आईने आधीच संपवला होता, एक लेकीसाठी झाकून ठेवला, आणि एक बाबा, झोपेतून उठून, "बघू जरा" म्हणत घेऊन गेले. मी तीनदा मोजले. तेहेतीस. मला स्वतःला चाखायला फक्त मोडलेल्यांचे तुकडे मिळाले. ढब्बूला गाजर दिलं. त्याने ते हुंगून माझ्या पायाशी ठेवलं.

रविवारी तांब्याच्या ताम्हणात अनारसे रचले, वर दिवा ठेवला. आईने डाव्या हाताने जावयाला कुंकू लावलं, ते जरा भुवईकडे सरकलं. धाकटीने ताम्हणातला एक अनारसा तिथेच उचलून खाल्ला आणि म्हणाली, "आई, हात मोडलेला असताना एवढे कसे केलेस गं?" आई म्हणाली, "झाले." मी खाकरलो. कोणी लक्ष दिलं नाही.

दुपारी सगळे लवंडल्यावर आई पंचांग घेऊन बसली होती. पुढचा अधिक महिना ज्येष्ठात, 2026 च्या मे-जूनमध्ये.

"बरं झालं," मी म्हणालो. "भर उन्हाळा. तांदूळ गच्चीत टाकला की तासाभरात काम."

"उन्हात नाही!" ती ताडकन उठून बसली. "सावलीत! इतके दिवस काय शिकलास मग?"

तिच्या खुर्चीखाली ढब्बू झोपला होता. कानात अजून एक तांदूळ अडकलेला दिसत होता.